क्लॅरिनेटचे वरचे सूर पुन्हा पुन्हा चिरकतात? आधी लक्षण ओळखा, मग उपाय करा

तक्रार साधारण अशी असते. खालचे सूर भरदार लागतात, मधलेही ठीक लागतात. स्टाफ नोटेशनच्या पाच रेषांच्या वर दोन जादा रेषांवरचा सी येईपर्यंत निभावतं. त्यापुढे सी शार्प, डी, ई आले की वाद्य ऐकेनासं होतं. कधी चिरकतं, कधी खालचाच एक घोगरा सूर लागतो, कधी नुसती हवा येते. नवी रीड (माउथपीसवर बांधायची, फुंकेने थरथरणारी पातळ पट्टी) लावली की चार दिवस बरे जातात आणि मग पहिले पाढे पंचावन्न.

बँड पथकात वाजवणारे, ऑर्केस्ट्रात वाजवणारे आणि नुकतं शिकायला लागलेले, सगळ्यांना यावर दोनच सल्ले मिळतात: ओठ आवळ आणि जोरात फुंक. हे दोन्ही सल्ले नुकसान करणारे आहेत असं माझं स्पष्ट मत आहे. ओठ आवळले की रीड माउथपीसला चिकटते आणि तिचं कंपन कोंडतं. जास्त फुंकलं की ती आणखी मिटते. वादकाला वाटतं, आपली ताकद कमी पडते आहे, म्हणून तो आणखी आवळतो. महिनोन्‌महिने हे चक्र चालू राहतं.

वरचा सूर तोंडाच्या आत, जिभेच्या उंचीवर ठरतो. पण वाद्यातून हवा गळत असेल किंवा रीड मेलेली असेल, तर जीभ कितीही योग्य ठेवा, सूर लागणार नाही. म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा: आधी वाद्य, मग रीड, मग तोंड आणि शेवटी बोटं. बहुतेक जण तोंडापासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात.

हा सूर येतो कुठून

एवढं समजून घेतलं की निम्मं निदान आपलं आपल्याला करता येतं. बासरीत किंवा सनईत फुंक बदलली की तोच सूर वरच्या सप्तकात जातो, सा चा तार सा होतो. क्लॅरिनेटमध्ये तसं होत नाही. त्याची नळी बहुतांशी सरळ दंडगोल असते आणि रीडच्या बाजूचं टोक ध्वनिशास्त्राच्या हिशेबाने बंद असतं. अशा नळीत स्वरांश, म्हणजे मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर, पहिला, तिसरा, पाचवा असे विषमच ठळक उमटतात. म्हणून डाव्या अंगठ्याने रजिस्टर की दाबली की सा चा तार सा होत नाही, तार सप्तकातला पंचम होतो. सनईवरून क्लॅरिनेटकडे आलेल्या वादकाचा सुरुवातीला गोंधळ होतो तो इथेच.

आता तीच बोटं ठेवून डाव्या हाताची तर्जनी उचला. सूर पाचव्या स्वरांशावर जातो, म्हणजे अतितार सप्तकातला गंधार लागतो. तंबोरा नीट जुळला की खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच. क्लॅरिनेटच्या अल्टिसिमोचे, म्हणजे दोन जादा रेषांवरच्या सीच्या वरच्या टप्प्याचे, सुरुवातीचे बहुतेक सूर म्हणजे कुठल्या ना कुठल्या खालच्या सुराचे स्वयंभू गंधार असतात.

हे करून बघा. तंबोऱ्याच्या अ‍ॅपवर काळी पाच लावा. बी फ्लॅट क्लॅरिनेटवर अंगठा आणि डाव्या हाताची तीन बोटं ठेवून खालचा सी वाजवा. या वाद्यावरचा सी प्रत्यक्षात बी फ्लॅट, म्हणजे काळी पाच वाजतो, म्हणून हा झाला सा. बोटं न हलवता रजिस्टर की दाबा, जी लागेल. हा पंचम. आता तर्जनी उचला आणि उजव्या करंगळीने ई फ्लॅटची की उघडा, तीन जादा रेषांवरचा ई लागेल. हा गंधार. उजव्या हाताची तर्जनीही ठेवलीत तर हीच शिडी बी फ्लॅट, एफ, डी अशी होते. तर्जनी आणि मध्यमा दोन्ही ठेवलीत तर ए, ई, सी शार्प. आणि उजवा हात पूर्ण मोकळा ठेवून डाव्या हाताची दोनच बोटं ठेवलीत तर डी, ए, एफ शार्प.

करंगळीची की कशासाठी? पाचव्या स्वरांशाचा गंधार हार्मोनियमच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट (100 सेंट म्हणजे शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर) उतरता असतो, शिवाय क्लॅरिनेटच्या रचनेमुळेही हे सूर उतरायला बघतात. ती की उघडली की सूर वर सरकतो. डीपासून पुढे ती घेण्याची सवय लावावी. सी शार्पला ती लागेलच असं नाही, वाद्य बघून ठरवा.

अनेक जुन्या पथकांत अल्बर्ट पद्धतीची, म्हणजे कीजची जुनी मांडणी असलेली वाद्यं आहेत. त्यांवर उजव्या हाताची बोटं वेगळी पडतात, त्यामुळे ती वाजवणाऱ्यांनी वरची सी-जी-ई ही डाव्या हाताची शिडीच धरावी.

गाण्याची साथ करणाऱ्यांनी एक हिशेब मनात ठेवावा. गायक काळी एकमध्ये गात असेल तर बी फ्लॅट क्लॅरिनेटवर सा येतो ई फ्लॅटवर. तार सप्तकातला शुद्ध धैवत बरोबर दोन जादा रेषांवरच्या सीवर येतो. म्हणजे कोमल निषादापासून अल्टिसिमो सुरू. एखादी तान धैवतापर्यंत सुंदर जाते आणि निषादावर फाटते, याचं कारण इथे आहे. काळी पाचमध्ये हाच प्रश्न येत नाही, कारण तार सप्तक निषादासकट खालच्या भागातच बसतं.

लक्षणावरून निदान

वरचा सूर घेताना आधी खालचा घोगरा सूर उमटून मग वरचा लागत असेल, तर जीभ खाली पडलेली आहे किंवा रजिस्टर कीच्या नळीत घाण आहे. सूर लागतो पण जोर दिला की मिटतो, तर रीड मऊ आहे. सूर वेगळ्याच उंचीवर उडून किंचाळतो, तर कुठली तरी की चुकून उघडते आहे, रीड एका बाजूला जड आहे किंवा माउथपीस तोंडात जास्त गेला आहे. सूर लागतो पण बारीक आणि चढा, तर चावणं, म्हणजे माउथपीस आणि रीड दातांनी-जबड्याने दाबणं, चालू आहे. पहिली 20 मिनिटं सगळं ठीक आणि मग एकेक सूर जायला लागतो, तर रीड पाणी पिऊन फुगली आहे किंवा ओठ थकून चावायला लागले आहेत. आणि एकच ठरावीक सूर रोज अडत असेल, बाकीचे नीट लागत असतील, तर वाद्य दुरुस्तीला न्या. तोंडाचा दोष एका सुरापुरता नसतो.

वाद्य

वरचा भाग वेगळा काढा. खालचं टोक तळहाताने बंद करा, तिन्ही भोकं आणि अंगठ्याचं भोक बोटांनी झाका, वरच्या टोकाला ओठ लावून हवा आत ओढा आणि थांबा. निर्वात चार-पाच सेकंद टिकला आणि ओठ सुटताना टपकन आवाज आला, तर तो भाग ठीक आहे. लगेच हवा भरली तर गळती आहे. कुठे आहे ते शोधायला पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी कापा, एकेका पॅडखाली (की खालच्या, भोक झाकणाऱ्या गादीखाली) ठेवून की नेहमीच्या दाबाने बंद होऊ द्या आणि पट्टी हळूच ओढा. चारी बाजूंनी सारखा अडथळा जाणवला पाहिजे. एखाद्या बाजूने पट्टी सुळकन निघाली तर पॅड तिथे बसत नाही.

पावसाळ्यात हे फार होतं. पातळ पापुद्र्याची पॅड दमट हवेत फुगतात, वाकडी बसतात आणि हवा कोरडी झाली की पुन्हा थोडी सुधारतात. त्यामुळे दोष येतो-जातो आणि वादक स्वतःवर शंका घेत राहतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात वाजवणाऱ्यांनी जूनच्या आधी आणि दिवाळीच्या आसपास ही पट्टीची तपासणी करावीच.

रजिस्टर कीच्या भोकाखाली एक बारीक धातूची नळी असते. तिचं टोक बोअरमध्ये, म्हणजे वाद्याच्या आतल्या पोकळीत, थोडं आलेलं असतं. वाद्य पुसताना फडक्याचे धागे आणि थुंकीचा थर तिथेच साचतो. ती अर्धवट बुजली की वरचे सूर घोगरे होऊन लागतात, खालच्यांना काही होत नाही. की काढता येत असेल तर लोकरीच्या बारीक पाइप क्लीनरने ती साफ करा. सुई, तार, टाचणी कधीही घालू नका. भोक रुंदावलं की पूर्ण वाद्याचा सूर बिघडतो.

डावा अंगठाही इथेच बघून घ्या. रजिस्टर की दाबताना अंगठा वर सरकतो आणि त्याच्या भोकाचा खालचा काठ उघडा पडतो. भोक पूर्ण झाकलेलं ठेवून अंगठ्याचं टोक फक्त कलवायचं. आरशात पाहिलं की लगेच दिसतं.

रीड

रीड लावून माउथपीस उजेडासमोर धरा. रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक जवळजवळ एका रेषेत हवं, काळी कड केसाएवढी दिसली तर चालते. आता रीडच्या टोकाकडे आडवं बघा. टोक सरळ रेघेसारखं दिसलं पाहिजे. त्यात लाट दिसत असेल तर रीड एकसारखी भिजलेली नाही. एक-दोन मिनिटं साध्या पाण्यात ठेवा, काचेवर सपाट दाबा आणि मग लावा. लाट गेल्याशिवाय वरचे सूर वाजवायला जाऊच नका.

नंबराबद्दल: दोन नंबरच्या रीडवर दोन जादा रेषांवरच्या सीपर्यंत जाता येतं, पुढे ती मिटते. खात्री करायची तर तोच सी हळू सुरू करून मोठा करत न्या. मोठा करताना सूर उतरला किंवा बंद पडला, तर अर्धा नंबर वर जा, दोनवरून अडीच, अडीचवरून तीन. एकदम दोनवरून साडेतीनवर उडी मारू नका. जड रीड हलवायला माणूस चावायला लागतो आणि जुनाच आजार नव्या वाटेने येतो. माउथपीसचं तोंड किती उघडं आहे त्यावरही नंबर ठरतो. व्हँडोरेनच्या बी45 सारख्या सुमारे 1.2 मिमी उघड्या माउथपीसवर तीन नंबर पुष्कळांना जड जातो, त्याहून मिटक्या माउथपीसवर तोच सहज वाजतो.

रीड बदलायच्या आधी जागा बदलून बघा. थोडी मऊ वाटत असेल तर केसभर वर सरकवा, कडक वाटत असेल तर केसभर खाली. कुठली बाजू जड आहे ते कळायला माउथपीस तोंडात किंचित डावीकडे फिरवून वाजवा, मग उजवीकडे. एका बाजूने सूर मोकळा आणि दुसऱ्या बाजूने कोंडलेला आला, तर रीड असमतोल आहे. ती किंचित तिरकी लावून चालते का बघा. अगदी बारीक पॉलिश पेपरने जड बाजूची कड हलकी घासता येते, पण टोकाला हात लावू नका. तिथे गेलेला कण परत येत नाही.

दोन-तीन रीड आलटून पालटून वापरा. एकच रीड रोज दोन तास वाजवली की तिचे तंतू थकतात, आणि थकल्याचं पहिलं लक्षण वरच्या सुरांवरच दिसतं. वाजवून झालं की पुसून सपाट पेटीत ठेवा. माउथपीसवर लावून ठेवलेली रीड पावसाळ्यात काळी बुरशी धरते.

तोंड

माउथपीस आणि बॅरल (त्याच्या खालचा छोटा तुकडा) एवढंच जोडा आणि वाजवा. हार्मोनियमच्या काळी तीनच्या, म्हणजे एफ शार्पच्या आसपास स्थिर सूर यायला हवा. तो बराच चढला तर तुम्ही चावता आहात, बराच उतरला तर पकड सैल आहे. रोज सुरुवातीला हा सूर घेऊन पाहण्याची सवय फार उपयोगाची आहे.

चावण्याची दुसरी परीक्षा म्हणजे वरचा ओठही खालच्यासारखा दातांवर घेऊन वाजवणं. वरचे दात माउथपीसला लागत नाहीत, त्यामुळे चावलं तर लगेच दुखतं. या पकडीत सूर सहज, जाड आणि किंचित उतरता लागला, तर तुमचा दोष नक्की चावण्याचा आहे. एवढ्या कमी दाबातही वरचा सूर लागू शकतो, हेही त्यातून कानाला पटतं. मग नेहमीच्या पकडीत तोच मोकळेपणा शोधा.

माउथपीस किती आत घ्यायचा याचाही अंदाज बांधता येतो. रीड आणि माउथपीस यांच्या फटीत कागदाची पट्टी सरकवा. ती जिथे अडते, तिथून रीड सुटी होते. खालचा ओठ साधारण त्या रेषेवर यावा. अलीकडे राहिला तर सूर बारीक आणि कोंडलेला, फार पुढे गेला तर किंचाळी.

आता मुख्य गोष्ट, जीभ. 'ऑ' म्हणा, जीभ खाली. 'ई' म्हणा, तिचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि कडा वरच्या दाढांना लागतात. वरच्या सुरांना ही 'ई'ची जीभ लागते. फुंकही नुसती 'फू' नको, 'ही' म्हणताना जशी बारीक, वेगवान हवा पुढे जाते तशी हवी. आधार पोटाचा, पण धक्का नाही.

हे नुसतं शिकवण्याच्या सोयीसाठी सांगितलेलं नाही. गर्श्विनच्या 1924 सालच्या 'ऱ्हॅप्सडी इन ब्लू'च्या सुरुवातीला क्लॅरिनेटची जी लांब मींड आहे, तिच्या वरच्या टप्प्यात सलग सरकत जाणारा सूर एकट्या बोटांनी येत नाही, त्याला तोंडाची पोकळी लागते. सिडनीतल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या ध्वनिशास्त्रज्ञांनी 2009 साली वादकांच्या तोंडात मोजमापं घेऊन दाखवलं की अशी मींड घेताना वादक तोंडातल्या पोकळीचा अनुनाद हव्या त्या सुराशी जुळवत नेतात.

म्हणून सराव मींडेचा करा. दोन जादा रेषांवरचा सी लावा. बोटं आणि जबडा तसेच ठेवून फक्त जीभ 'ई'कडून 'ऑ'कडे न्या. सूर घसरत बीपर्यंत, जमलं तर बी फ्लॅटपर्यंत उतरला पाहिजे. मग जीभ पुन्हा उचलून त्याला वर आणा. आपल्याकडे मींड गळ्यातून शिकलेली असते, त्यामुळे गाणारा माणूस हे चटकन पकडतो. उतरलेला सूर परत जागेवर आणताना जीभ जिथे पोचते, तीच तुमची अल्टिसिमोची जागा. ती सापडली की मघाची सा-प-ग शिडी पुन्हा वाजवा. पंचमावर असतानाच जीभ गंधारासाठी तयार ठेवा आणि मग तर्जनी हलवा. सूर मागून येतो, त्याच्यासाठी तोंड आधी तयार असावं लागतं.

जिभेने सूर सुटे तोडून वाजवताना ते चिरकत असतील तर बहुधा टोकाबरोबर अख्खी जीभ खाली येते. फक्त टोक रीडच्या टोकाला हलकंसं लागून सुटावं, मधला भाग दाढांपाशीच राहावा. आधी जीभ न लावता 'ही'ने सूर सुरू करा, तो नेमका लागायला लागला की मगच हलका 'दी'.

बोटं

तर्जनी उचलायची म्हणजे हवेत फेकायची नाही. बोट किंचित खाली वळवून भोकाचा वरचा भाग उघडायचा, बोट भोकाच्या काठावरच राहतं. सलग वाजवताना याने धक्का जातो आणि परत येतानाही बोट चुकत नाही. उजव्या हाताच्या तर्जनीच्या बाजूने ट्रिलच्या कीज दबतात का, तेही बघा. वरच्या सुरांवर मनगट आखडतं आणि नेमकी ती की अर्धी उघडून किंचाळी येते.

थंडी आणि सूर जुळवणं

डिसेंबरात पुण्या-नाशकाकडे संध्याकाळच्या वरातीत किंवा गोव्यात फेस्ताच्या वेळी उघड्यावर वाजवताना वाद्य थंड असतं आणि सूर उतरतो. कीबोर्ड मात्र उतरत नाही. मग वादक सूर वर आणायला चावतो आणि वरचे सूर कोंडतात. वाजवायच्या आधी वाद्यात गरम फुंक मारून ते तापवा, बॅरल पूर्ण आत ढकला. तरीही उतरतच असेल तर आखूड बॅरल घ्या. सहसा बॅरल 65-66 मिमीचा असतो, 64चा मिळतो. मिलिमीटरभराच्या फरकाने पुष्कळदा ओठांवरचा भार उतरतो. लाकडी वाद्य मात्र थंडीत एकदम जोरात फुंकू नका. आतून गरम आणि बाहेरून गार झालं की ते तडकतं. काखेत धरून हळूहळू कोमट करा.

कार्यक्रमाची रीड घरी निवडून ठेवली असेल तर ती जागेवर जाऊन पुन्हा वाजवून पाहा. बंद एसी हॉलमध्ये चांगली वाटलेली रीड मैदानावरच्या दमट हवेत जड होते. सोबत अर्ध्या नंबरने हलकी एक असू द्या, आणि शेवटची परीक्षा तीन जादा रेषांवरच्या ईने घ्या: जीभ न लावता, हळू, 'ही' म्हणत.